संगणक जाळ्यातील प्रसारण संदेश : कार्यपद्धती, धोके व उपाय

प्रस्तावना :
संगणक जाळ्यात एका संगणकाने दुसऱ्या एकाच संगणकाला पाठविलेल्या संदेशास युनिकास्ट, निवडक गटास पाठविलेल्या संदेशास मल्टिकास्ट, तर जाळ्यातील सर्वांना उद्देशून पाठविलेल्या संदेशास ब्रॉडकास्ट म्हणजेच प्रसारण संदेश म्हणतात. प्रसारणाशिवाय आजही बहुसंख्य स्थानिक जाळी चालू शकत नाहीत; तथापि संपूर्ण जाळे ठप्प करण्याची क्षमताही त्यातच आहे.

कार्यपद्धती :
इथरनेटवरील प्रत्येक जोडणीस ४८ बिटांचा हार्डवेअर पत्ता असतो. सर्व ४८ बिट '१' असलेला पत्ता प्रसारणासाठी राखीव आहे. या पत्त्यावरील फ्रेम ज्या पोर्टवरून आली ते वगळून इतर सर्व पोर्टवर स्विच ती पाठवितो व प्रत्येक संगणकास तिची दखल घ्यावी लागते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत २५५.२५५.२५५.२५५ हा पत्ता याच कार्यासाठी वापरला जातो. राउटर असा संदेश पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे प्रसारणक्षेत्राची सीमा तेथेच संपते.

प्रसारणाची गरज माहितीच्या अभावातून निर्माण होते. आयपी पत्ता ठाऊक असून हार्डवेअर पत्ता ठाऊक नसेल, तर १९८२ मध्ये मांडलेल्या एआरपी या नियमावलीनुसार 'हा पत्ता कोणाचा?' असा प्रश्न सर्वांना विचारला जातो. संबंधित संगणक केवळ विचारणाऱ्यासच उत्तर देतो. जाळ्यात नव्याने आलेला संगणकही डीएचसीपीद्वारे आपला आयपी पत्ता असाच मागतो.

धोके :
इथरनेट फ्रेमवर आयुर्मर्यादेची नोंद नसते. एखादी केबल चुकून जोडली जाऊन दोन स्विचमध्ये वर्तुळाकार मार्ग तयार झाला, तर एकच प्रसारण संदेश अविरत फिरतो, त्याच्या प्रती वाढतात व 'प्रसारण वादळ' उद्भवते. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेली स्पॅनिंग ट्री पद्धती अतिरिक्त मार्ग बंद ठेवून हे संकट टाळते. दुसरा धोका विश्वासाचा आहे. एआरपी उत्तराची सत्यता तपासत नाही. त्यामुळे खोटे उत्तर देऊन दुसऱ्याची माहिती स्वतःकडे वळविणे शक्य होते. तसेच बनावट प्रेषक-पत्त्याने दूरच्या जाळ्यात प्रसारण संदेश पाठवून, तेथील सर्व उत्तरांचा मारा एकाच संगणकावर करण्याचे 'स्मर्फ' हल्ले १९९० च्या दशकाअखेरीस झाले. परिणामी, बाहेरून आलेले असे संदेश राउटरने मूळ स्थितीतच अडवावेत, असा निर्देश १९९९ मध्ये देण्यात आला.

निष्कर्ष :
आयपीच्या सहाव्या आवृत्तीत प्रसारण वगळून त्याचे कार्य मल्टिकास्टकडे सोपविले आहे. चौथी आवृत्ती मात्र अद्याप वापरात आहे. म्हणून महाविद्यालयाचे कार्यालय, ग्रंथालय व प्रयोगशाळा यांचे संगणक एकाच सलग जाळ्यात न ठेवता व्हीएलएएनद्वारे विभागणे हितावह ठरते. त्यामुळे प्रयोगशाळेतील एका चुकीच्या केबलमुळे परीक्षा विभागाचे कामकाज ठप्प होण्याची शक्यता बरीच घटते. सर्वांना हाक मारण्याची सोय आवश्यक आहे. परंतु 'सर्व' म्हणजे किती, हे आधीच ठरविणे तितकेच आवश्यक आहे.