स्वयंपाकघराची मोजदाद

दसरा उलटला की बाजारपेठेत मोजदादीचे वारे वाहू लागतात. हिशेबाचे सरकारी वर्ष 31 मार्चला संपत असले तरी वहीपूजन दिवाळीलाच होते, आणि त्यापूर्वी दुकानातील फळीन् फळी झाडून काढण्याचा परिपाठ आपल्या लोकांत अद्याप टिकून आहे. कोणता माल चालता, कोणता पडीक, कोणता तोट्यात का होईना पण काढून टाकावयाचा, हे त्या चार दिवसांत ठरते. पडून राहिलेल्या मालात भांडवल अडकते व जागाही अडते, हे कोणाही व्यापाऱ्यास शिकवावे लागत नाही. मात्र हाच चतुर गृहस्थ घरी जाऊन जेवावयास बसला म्हणजे त्याच्या डोक्यावरील माळ्यावर किती माल किती वर्षे पडून आहे, याची त्यास गंधवार्ताही नसते. बाजारभाव, कायदे व कर यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत; आम्ही आज सभासद बंधूंस व त्यांच्या घरच्या भगिनींस स्वयंपाकघराच्या मोजदादीविषयी चार शब्द सांगू इच्छितो.

आपली स्वयंपाकघरे इतकी भरली कशी, हे प्रथम पाहिले पाहिजे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर तिकडे गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हाही झाला. पण आपली चूल आहे ती वऱ्हाड-नागपूरचीच. भांडीकुंडी नागपूरच्या बाजारातून आली, आणि प्रत्येक पिढीने पूर्वीच्या पिढीचे न काढता आपले त्यावर रचले. लाकडाच्या चुलीची फुंकणी व चिमटा गेला नाही तोच रॉकेलचा स्टोव्ह आला. स्टोव्ह माळ्यावर चढला तोच गॅस आला. पितळेची गुंडे, कोपर व गंज यांच्या जागी स्टेनलेस स्टील आले, तरी पितळ घरातच राहिले. त्यात बोहारीण दारी येऊन जुन्या लुगड्यांच्या मोबदल्यात आणखी एक डबा देऊन जाई. लग्नातील आहेर निराळे.

व्यापाऱ्याच्या घरी या सर्वांवर आणखी एक भर पडते, ती योजनांची. अमुक इतक्या पेट्या उचलल्या की सँडविच मेकर भेट, तमुक रकमेच्या खरेदीवर विजेची किटली भेट! ही भेट फुकट मिळाली असे गृहस्थ मानतो. परंतु ती ठेवावयास लागणारी जागा गृहिणीच्या ओट्यावरून वजा होते, ती नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही.

वस्तू ठेवावी की काढावी याचा निर्णय कसा करावा? आमच्या मते दुकानाचाच हिशेब येथे प्रथम लावून पाहावा. समजा, एक यंत्र 3,000 रुपयांस घेतले. ते रोज एकदा चालले तर पाच वर्षांत 1,825 वेळा चालेल, म्हणजे प्रत्येक वेळी 1 रुपया 64 पैसे पडले. तेवढ्याच किमतीचे दुसरे यंत्र वर्षातून चार वेळा निघाले तर पाच वर्षांत वीस वेळा. प्रत्येक वेळी 150 रुपये. विजेचा खर्च या मानाने किरकोळ असतो. 750 वॅटचा मिक्सर पाच मिनिटे चालला तर युनिटाचा सोळावा हिस्सा, जुन्या भाषेत एक आणा, जळतो. 1,400 वॅटचे एअर फ्रायर अर्धा तास चालले तरी पाऊण युनिटाच्या आतच राहते. खरी किंमत द्यावी लागते ती जागेची, धुण्यापुसण्याची आणि दुरुस्तीची. ज्या यंत्राचे एक लहानसे पाते वा रबर बदलण्यास नागपूर गाठावे लागते, त्याची किंमत दुप्पटच धरावी.

या कसोटीवर प्रेशर कुकर निर्विवाद उतरतो. कोळशावर वाफेने अन्न शिजविणारा डब्यांचा कुकर डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 च्या सुमारास कलकत्त्यात सिद्ध केला होता व तो ‘इकमिक’ या नावाने गाजला. पण दाबाचा कुकर आपल्या देशात बनू लागला तो 1959 च्या सुमारास. बंद भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी शंभराऐवजी सुमारे 120 अंशांवर उकळते. तुरीची डाळ तासाऐवजी काही मिनिटांत शिजते ती यामुळे. इंधनाची बचत तर आहेच, पण आमच्या वाचकांच्या घरी वेळेचे मोल त्याहून मोठे आहे. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्रिभोजनत्यागाचा नियम ज्या घरी पाळला जातो, तेथे दुकानातून येणाऱ्यांची, शाळेतून येणाऱ्यांची व वृद्धांची पाने त्यापूर्वी व्हावयास हवीत. साडेचारला हाती घेतलेला स्वयंपाक सवापाचला पानात पडला पाहिजे, ही ओढाताण जी रोज सोसते तिलाच कुकरचे खरे मोल ठाऊक. अशा घरी एक सोडून दोन कुकर असले तरी तो संग्रह नव्हे. मात्र त्याचे रबरी कडे कडक झाले असेल आणि सुरक्षा-झडप जुनी असेल तर ती बदलावी. येथे काटकसर करू नये.

दुसरे यंत्र मिक्सर. विलायती मिक्सर आपल्या भिजविलेल्या डाळीपुढे व हळकुंडापुढे हात टेकीत. सत्यप्रकाश माथुर यांनी 1960 च्या दशकात ‘सुमीत’ काढला तो ही अडचण जाणून, आणि तेव्हापासून पाट्यावर वाकणाऱ्या कमरा सरळ झाल्या. म्हणून पाटा-वरवंटा टाकून द्यावा काय? जवसाची वा तिळाची चटणी पाट्यावरच सजते असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण म्हणणारे कोण आणि वाटणारे कोण, हे आधी विचारावे. वाटणारीस हौस असेल तर पाटा ठेवावा. केवळ खाणाऱ्यास हौस असेल तर त्याने स्वतः वाटावे! खलबत्त्याचे मात्र तसे नाही. चार वेलदोडे किंवा चिमूटभर केशर मिक्सरच्या भांड्यात नुसते भिरभिरत राहते. खलबत्त्यात ते दोन मिनिटांत होते. इतकी लहान, न बिघडणारी व वीज न खाणारी वस्तू काढण्याचे कारण नाही.

तिसरी घरघंटी. ही मोठी, जड व आवाज करणारी. दुकानाच्या हिशेबाने पाहता कोपऱ्यावरची गिरणीच स्वस्त. तथापि दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच व हिवाळ्यात सात दिवस मानलेली आहे. हा नियम जेथे चालतो तेथे थोडे थोडे ताजे पीठ घरीच होणे ही गरज आहे, आणि घरघंटी आपली जागा पुरेपूर कमावते. जेथे महिन्याचे पीठ एकदम दळून येते, त्या घरी ती बहुधा टेबलासारखी वापरली जाते व तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवलेल्या असतात. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घरी आले म्हणून गाळण्याचे वस्त्र निकामी झाले, असेही कोणी समजू नये. यंत्राचे काम निराळे आणि वस्त्रामागील जीवदयेचा हेतू निराळा.

आता संत्र्याच्या देशात रस काढण्याच्या यंत्राविषयी बोलणे प्राप्तच आहे. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या सुमारास आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात आपल्याकडे येतात, आणि त्या भरात कित्येक घरी विजेचा ज्यूसर खरेदी होतो. परंतु नागपुरी संत्र्याचा गुण असा की त्याची साल सैल असून बोटांनीच सुटते, आणि अवगुण असा की त्याचा रस काही वेळ राहिला तर कडवट होतो. पात्याखाली बिया व आतील पांढरा पापुद्रा चिरडला गेला तर हा कडूपणा वाढतो. म्हणजे जे फळ सोलून खाण्यासाठीच जन्मले, त्यासाठी आपण यंत्र घेतो, रस कडू करतो आणि नंतर अर्धा तास जाळी घासत बसतो. आजाऱ्यास वा बालकास रस हवा असेल तर हाताने दाबावयाचे साधे साधन पुरे. रस काढला की लगेच द्यावा.

रोटीमेकर, टोस्टर, अंडाकार भोके पाडणारी, वाटोळ्या चकत्या करणारी व तत्सम यंत्रे यांविषयी विस्तार करीत नाही. वर्षभरात ज्यास हात लागला नाही त्याचा निकाल उघड आहे.

येथवर दुकानाचा हिशेब चालला. परंतु तो सर्वत्र चालत नाही हेही सांगितले पाहिजे. पुरणयंत्र पोळ्याला व होळीला निघते, सोऱ्या दिवाळीला, शेवयांचे यंत्र उन्हाळ्यात. वर्षातून दोनदा निघणारे पुरणयंत्र आणि वर्षातून दोनदा निघणारा ज्यूसर हे वहीत सारखेच दिसतील, पण त्या दिवशी पुरणयंत्रावाचून अडते आणि ज्यूसरवाचून अडत नाही. लांब पोळीचे मातीचे खापर तर जळणाच्या चुलीवाचून उपयोगाचे नाही. ज्या घरी अंगणात चूल आहे व ती पोळी हातावर झेलून वाढविणारी बाई आहे, त्याच घरी ते ठेवण्यात अर्थ. मोठाली पातेली, झारे व पराती यांचा विचार वेगळा करावा. पन्नास पानांचा स्वयंपाक घरी दहा वर्षांतून एकदा होतो. अशी भांडी चार-पाच कुटुंबांनी मिळून समाजाच्या भवनात वा मंदिराच्या कोठीत नोंद करून ठेवली तर सर्वांची सोय होईल आणि प्रत्येकाचा माळा मोकळा होईल. आमच्या संघाने ही सूचना मनावर घ्यावी.

या ठिकाणी एका जुन्या शब्दाची आठवण होते. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना जमीन, घर, सोने, रुपे, धनधान्य यांच्या पंक्तीस ‘कुप्य’ हा शब्द बसविलेला आहे, आणि त्यात वस्त्रे-भांडी आदी घरसामान गणण्याचा प्रघात आहे. सोन्याची मर्यादा करणारे आपल्यात आहेत. डब्यांची व पातेल्यांची मर्यादा करणारे आम्हांस विरळाच आढळले.

पितळ-तांब्याविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण येथेच पुढे पस्तावण्याचा संभव असतो. ही भांडी माळ्यावर गेली त्याचे मुख्य कारण कल्हई. कथिलाचा हात व नवसागराचा धूर घेऊन गल्लीत बसणारा कल्हईवाला दुर्मीळ झाला, आणि बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंच वा कढी कळकते. तेव्हा जी भांडी कल्हई करून खरोखर वापरावयाची तेवढी ठेवावी. पाणी भरण्याचा तांब्याचा हंडा कल्हईवाचून चालतो, तोही ठेवावा. उरलेली मोडीत काढण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. मोडीत घडणावळीस मोल नसते, केवळ धातूचे वजन धरतात. म्हणून आपल्या काट्यावर वजन करून व दोन ठिकाणी भाव विचारूनच द्यावे. आपण जन्मभर तराजू धरणारे लोक, आणि घरची मोड मात्र दाराशी येणाऱ्याच्या काट्यावर देतो! दुसरे, भांड्यावर कोरलेले नाव वाचावे. आजीच्या माहेराहून आलेला तांब्या देण्यापूर्वी ती हयात असेल तर तिला, नसेल तर तिच्या लेकींना विचारले पाहिजे.

निर्णय कोणी करावयाचा, हा प्रश्न कित्येक घरी वादाचा होतो. सासूबाईंना काहीच काढवत नाही, सुनेला सर्वच काढावेसे वाटते आणि गृहस्थ दोघींना खर्चाचा आकडा ऐकवितो. आमचे मत असे की जी वस्तू हाताळते तिचा शब्द अखेरचा. ज्यांच्या हाती ती वस्तू कधी जात नाही त्यांनी फार तर किंमत सांगावी. मात्र सुनेने सासूबाईंचे एखादे कपाट त्यांच्या मर्जीवर सोडावे. तेवढ्याने घर बुडत नाही.

काढलेल्या वस्तूंचे पुढे काय करावे? चालू स्थितीतील मिक्सर वा शेगडी नव्याने संसार मांडणाऱ्या नोकरास वा गरजू कुटुंबास द्यावी, पण बिघडलेली देऊन दानाचे समाधान मानू नये. जळालेल्या मोटारी व तारा कचऱ्यात टाकू नयेत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत घरगुती विजेची उपकरणे येतात व त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, तेव्हा त्या जातीचा माल विकणाऱ्या आमच्या सभासदांनी जुने यंत्र परत घेण्याची व्यवस्था आपल्या दुकानी ठेवली तर गिऱ्हाईकही टिकेल.

आणि माळा उतरविताना शेर, अधोली, मापटे, चिपटे हाती लागतील. 1958 च्या ऑक्टोबरापासून मेट्रिक वजनमापे टप्प्याटप्प्याने लागू झाली व ही मापे दुकानातून उठून घरात आली. त्यांनी आता दाणा मोजावयाचा नाही. तरी एक माप घासून-पुसून खालच्या फळीवर ठेवावे. घरात लग्नाचा मुलगा असेल तर उंबरठ्यावर तांदूळ भरून ठेवण्यास ते लागेल, आणि त्या दिवशी ते शेजारून मागून आणणे बरे दिसत नाही.