दोन अशोक, दोन बहादूर

एका गावात दोन मालक आणि दोन नोकर आहेत असं धरा. दोन्ही मालक दिसायला हुबेहूब सारखे आणि दोघांचंही नाव अशोक. नोकरही तसेच जुळे, दोघेही बहादूर. यातून मालक-नोकराच्या जोड्या किती जमतील? चार. त्यातल्या दोन खऱ्या, दोन चुकीच्या. आता यात एक बायको, एक मेहुणी, नोकराची बायको, एक हार आणि तो घडवणारा सराफ टाका. गुलजार यांचा १९८२चा ‘अंगूर’ एवढ्या भांडवलावर उभा आहे, आणि चार दशकं उलटली तरी त्याचा धंदा बुडालेला नाही.

हे चौघं मिळून नट मात्र दोनच. अशोक म्हणजे सुरतेत जन्मलेले संजीवकुमार आणि बहादूर म्हणजे पुण्यात वाढलेले, वाडिया कॉलेजात शिकलेले देवेन वर्मा.

कथेचं वय ऐकलं तर चाट पडायला होतं. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी प्लॉटस या रोमन नाटककारानं जुळ्या भावांच्या घोटाळ्यावर नाटक लिहिलं. त्यात जुळ्यांची जोडी एकच होती. शेक्सपिअरनं ती कथा उचलली आणि नोकरही जुळे केले. एका जोडीची अदलाबदल प्रेक्षक डोक्यात ठेवू शकतो. दोन जोड्या झाल्या की मालकानं एकाला सांगितलेलं काम दुसरा ऐकतो आणि त्याचा हिशेब तिसऱ्याकडे मागितला जातो. शेक्सपिअरच्या या नाटकाचा लंडनमधला प्रयोग २८ डिसेंबर १५९४चा नोंदलेला आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८६९मध्ये ते बंगालीत ‘भ्रांतिविलास’ म्हणून आणलं. त्यावर १९६३मध्ये उत्तमकुमार आणि भानू बंदोपाध्याय यांचा बंगाली चित्रपट आला. १९६८मध्ये ‘दो दूनी चार’ निघाला, किशोरकुमार आणि असित सेन यांना घेऊन. त्याचं लेखन गुलजार यांचंच. तो चालला नाही. चौदा वर्षांनी त्यांनी तीच गोष्ट पुन्हा हातात घेतली, या वेळी स्वतः दिग्दर्शक होऊन.

एकच नट पडद्यावर दोनदा कसा दिसतो? संगणकाच्या आधी त्याची युक्ती साधी पण जीवघेणी होती. कॅमेरा जागचा हलणार नाही असा घट्ट बसवायचा. भिंगाचा अर्धा भाग काळ्या पट्टीनं झाकायचा आणि नटाला उरलेल्या अर्ध्या चौकटीत काम करायला लावायचं. मग फिल्म उलटी गुंडाळून परत सुरुवातीला आणायची, पट्टी दुसऱ्या बाजूला लावायची, नटाचे कपडे बदलायचे आणि त्याच फिल्मवर दुसरा अर्धा भाग टिपायचा. मधला सांधा दिसू नये म्हणून तो दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर आणायचा. नट बोलतो ते मोकळ्या हवेशी. समोरच्या ‘स्वतः’चं उत्तर किती वेळात येईल, नजर किती उंचीवर ठेवायची, हे सगळं अंदाजानं. कॅमेऱ्याला जरासा धक्का लागला तरी सगळी मेहनत पाण्यात.

पण ‘अंगूर’ची खरी गंमत पुढेच आहे. जुळे समोरासमोर आले तर गोष्ट तिथेच संपेल. म्हणजे जवळजवळ अख्खा चित्रपट ते एकमेकांना भेटतच नाहीत आणि कॅमेऱ्याच्या करामतीला फारसं कामच उरत नाही! मग चेहरा तोच, नाव तेच असताना आपल्याला हा कुठला अशोक ते कळतं कसं?

बाहेरगावाहून आलेला अशोक जरा नीट पाहा. तो द्राक्षांचा मळा विकत घ्यायला निघालाय, जवळ रोकड आहे आणि डोक्यात हेरकथा भरल्या आहेत. अनोळखी गावात लोक त्याला नावानं हाक मारतात. साधा माणूस चक्रावेल. हा मात्र मनाशी खूणगाठ बांधतो की टोळी आपल्या मागावर आहे. तिथून पुढे जो जितकं प्रेमानं वागेल, तो त्याला तितका मोठा बदमाश वाटतो. घरचा अशोक याच्या उलट. तो संसारी, बायकोच्या हाराच्या तगाद्यानं वैतागलेला. एकाच्या खांद्यात सावधपणा, दुसऱ्याच्या खांद्यात कंटाळा. संजीवकुमार दोघांना वेगळं करतात ते एवढ्यावर. देवेन वर्मांचा पाहुणा बहादूरही बावळट नाही; परक्या घरातून निसटायचं म्हणून तो भज्यांच्या पिठात भांग मिसळतो, तेही अगदी गंभीर चेहऱ्यानं.

या कामाची तालीम फार जुनी होती. हरिहर जेठालाल जरीवाला हे संजीवकुमारांचं मूळ नाव, जन्म १९३८चा. मुंबईत ‘इप्टा’च्या रंगभूमीवर ऐन विशीत त्यांच्या वाट्याला म्हाताऱ्यांच्या भूमिका आल्या. ‘कोशिश’मध्ये ते एक शब्द न बोलता उभे राहिले आणि राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेले. १९७४च्या ‘नया दिन नयी रात’मध्ये त्यांनी नऊ भूमिका केल्या. तिथे मात्र रंगभूषा आणि पोशाख मदतीला होते. ‘अंगूर’मध्ये तो आधार काढून घेतला गेला, म्हणून माझ्या मते नऊ चेहऱ्यांपेक्षा हा एकच चेहरा अवघड. देवेन वर्मांना या चित्रपटासाठी फिल्मफेअरचा विनोदी अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. संजीवकुमार १९८५मध्ये अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. सुरतेच्या पाल भागातलं नाट्यगृह आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

चित्रपटात मूर्ख कुणीच नाही, हे लक्षात आलं की हसू आणखी वाढतं. सराफानं हार हातात दिला, तो खऱ्या ओळखीवर. घरच्या अशोकनं पैसे नाकारले, कारण हार त्याला मिळालाच नाही. जो तो आपल्यापुरता शंभर टक्के बरोबर. खरं काय ते फक्त प्रेक्षकाला ठाऊक, आणि त्याला सांगायची सोय नाही. पात्रांनी गंमत कळल्यासारखं एकदा जरी डोळे मिचकावले असते तरी सगळा डोलारा कोसळला असता. डोळा मारायचा मान गुलजार यांनी शेवटी शेक्सपिअरच्या चित्राला दिला आहे.

‘अंगूर’ पाहिलेला असेल तर पुन्हा लावा, मधली दहा मिनिटं आवाज बंद करा आणि समोर कुठला अशोक आहे ते ओळखा.