लहान लेथवरील नर्लिंग : साधनाची निवड व घडण

सारांश

घरगुती किंवा प्रयोगशाळेतील लहान लेथवर नर्लिंग करताना कामाचा दर्जा बिघडतो आणि यंत्रावरही अनावश्यक ताण येतो, असा अनुभव सर्वत्र येतो. याचे कारण कारागिराच्या कौशल्यात शोधले जाते. वस्तुतः ते बहुधा साधनाच्या रचनेत असते. प्रस्तुत लेखात नर्लिंगची क्रिया, उपलब्ध साधनांचे प्रकार, व्यास व पिच यांचे गणित आणि क्लॅम्प पद्धतीच्या साधनाची घडण यांचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : नर्लिंग, लेथ, रोलर, पिच, क्लॅम्प टूल

१. प्रस्तावना

मायक्रोमीटरचा थिंबल, टॅप हँडलची मूठ, उपकरणावरील हाताने फिरवायचा स्क्रू या वस्तू बोटांतून निसटू नयेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर जी उभी किंवा डायमंड आकाराची खरबरीत नक्षी उठवली जाते, तिला नर्लिंग म्हणतात. आयटीआयच्या टर्नर अभ्यासक्रमात ही क्रिया शिकवली जाते. तेथील लेथ वजनदार असतात व त्यांवर हे काम फारशी अडचण न येता पार पडते. तेच साधन लहान लेथवर लावले की मात्र परिस्थिती पालटते.

लहान लेथवर घरी यंत्रकाम करण्याची परंपरा ब्रिटनमध्ये विशेष रुजली. ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक तेथे १८९८ मध्ये सुरू झाले आणि १९४६ मध्ये बाजारात आलेला मायफोर्ड एमएल७ हा लेथ या छंदाचे जणू प्रतीक ठरला. पुढे चिनी बनावटीचे, सुमारे ४० किलो वजनाचे ‘मिनी लेथ’ जगभर पोहोचले. लेथ जितका हलका, तितका नर्लिंग साधनाच्या निवडीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

२. नर्लिंगच्या क्रियेचे स्वरूप

टर्निंगमध्ये टूलची धार धातू कापते व कीस बाहेर पडतो. नेहमीच्या नर्लिंगमध्ये धातू कापला जात नाही, तो दाबला जातो. कठीण पोलादाच्या रोलरचे दाते कामात रुततात आणि दात्यांखालचा धातू शेजारच्या खाचांत वर सरकतो. म्हणूनच नर्लिंगनंतर कामाचा व्यास वाढतो. डीआयएन ८२ या जर्मन मानकानुसार, उभ्या नर्लिंगसाठी मूळ व्यास हा अंतिम व्यासापेक्षा पिचच्या ०.५ पट कमी ठेवावा, तर उठावदार टोकांच्या डायमंड नर्लिंगसाठी तो ०.६७ पट कमी ठेवावा. पिच १ मिमी असल्यास हा फरक अनुक्रमे ०.५ व ०.६७ मिमी येतो.

धातू दाबण्यासाठी लागणारा जोर हा कापण्यासाठी लागणाऱ्या जोरापेक्षा पुष्कळ अधिक असतो. हा जोर कोठे जातो, या एका प्रश्नावर साधनाची निवड अवलंबून आहे.

३. साधनांचे प्रकार

अ) एका बाजूने दाबणारे टूल : यात एक किंवा दोन रोलर दांडीच्या टोकाला असतात. फिरत्या डोक्याच्या प्रकारात जाड, मध्यम व बारीक अशा तीन जोड्या असतात. क्रॉस स्लाइड पुढे रेटून रोलर कामात दाबला जातो. सर्व जोर एका बाजूने कामावर, तेथून स्पिंडलच्या बेअरिंगवर आणि उलट दिशेने क्रॉस स्लाइडच्या स्क्रूवर येतो. शिवाय चकमधून बाहेर आलेले काम वाकते. बाहेर आलेली लांबी दुप्पट झाल्यास हे वाकणे आठपट होते. व्यास निम्मा झाल्यास सोळापट होते. टेलस्टॉकचा आधार दिल्यास वाकणे कमी होते, पण बेअरिंगवरील भार नाहीसा होत नाही.

आ) क्लॅम्प पद्धतीचे टूल : यात दोन रोलर कामाला वरून व खालून चिमट्यासारखे धरतात. वरच्या रोलरचा दाब खालच्या रोलरच्या दाबाने तोलला जातो. मुख्य जोर टूलच्या दोन बाहूंमध्येच राहतो. लेथला केवळ काम फिरवण्याचा व टूल बाजूला सरकवण्याचा भार सोसावा लागतो.

इ) कापणारे टूल : यात रोलरचा आस कामाच्या आसाशी तिरपा असतो व दाते धातू खरोखर कापतात. दाब कमी लागत असल्याने पातळ नळ्या व प्लॅस्टिक यांसाठी ते सोयीचे आहे. मात्र त्याची मांडणी काटेकोर असावी लागते व किंमतही अधिक असते.

लहान लेथसाठी सर्वसाधारणपणे दुसरा प्रकार श्रेयस्कर होय. पहिल्या प्रकारचे टूल स्वस्त असते. परंतु त्याची खरी किंमत कालांतराने बेअरिंगच्या रूपाने मोजावी लागण्याचा धोका असतो.

४. पिच व व्यासाचे गणित

प्रमाणित पिच ०.५, ०.६, ०.८, १.०, १.२ व १.६ मिमी अशा आहेत. पिच जितकी मोठी तितके दाते खोल रुतवावे लागतात, म्हणून लहान लेथवर ०.६ ते १.० मिमी ही मर्यादा पाळणे इष्ट.

कामाचा परिघ हा पिचच्या पूर्ण पटीत नसेल, तर दुसऱ्या फेरीत दाते पहिल्या खाचांत न पडता मध्येच पडतात आणि नक्षी दुहेरी उठते. त्यासाठीचे सूत्र असे :

व्यास = (दात्यांची संख्या × पिच) ÷ ३.१४१६

पिच १ मिमी असता ६२ दात्यांसाठी व्यास १९.७४ मिमी व ६३ दात्यांसाठी २०.०५ मिमी येतो. म्हणजे एका दात्याचा फरक ०.३२ मिमी व्यासाएवढा आहे. योग्य व्यास गाठण्यासाठी याहून अधिक धातू काढावा लागत नाही. डायमंड नक्षीच्या ३० अंश तिरप्या रोलरची पिच दात्याला काटकोनात मोजलेली असल्यास परिघावरील पिच १.१५५ पट धरावी. दाते रुतताना प्रभावी व्यास बदलत असल्याने हे गणित प्रारंभबिंदू म्हणूनच घ्यावे. दुहेरी खुणा दिसल्यास व्यास सुमारे ०.१ मिमीने कमी करून पुन्हा प्रयत्न करावा.

५. क्लॅम्प टूलची घडण

२५ मिमी व्यासापर्यंतच्या कामासाठी पुढील मापे सोयीची ठरतात. माइल्ड स्टीलचे १६ मिमी रुंद दोन बाहू घ्यावेत. त्यांच्या टोकाला २० मिमी व्यासाचे, ८ मिमी रुंदीचे व ६ मिमी छिद्राचे तयार रोलर बसतील अशा किंचित सैल खाचा पाडाव्यात. दोन्ही बाहू एकत्र आवळून छिद्रे पाडल्यास रोलर एका प्रतलात राहतात. हे साधले नाही तर नक्षी तिरकस उठते. रोलरच्या पिना कठीण केलेल्या असाव्यात.

बिजागरीपासून रोलरचे केंद्र ७० मिमी व आवळण्याचा एम८ स्क्रू ४० मिमी अंतरावर ठेवल्यास, स्क्रूच्या जोराच्या सुमारे ०.५७ पट जोर रोलरवर मिळतो. या स्क्रूची पिच १.२५ मिमी असल्याने नटच्या पूर्ण फेऱ्यास दोन रोलरमधील अंतर सुमारे २.२ मिमीने व पाव फेऱ्यास ०.५५ मिमीने घटते. बाहूंचा कोन बदलत असल्याने स्क्रूची छिद्रे लांबट असावीत. बिजागरी लेथच्या केंद्राच्या उंचीवर ठेवून बाहूंची जोडी वर-खाली मोकळी राहू द्यावी. ती ताठ बांधल्यास दाब पुन्हा एकतर्फी होतो आणि क्लॅम्प पद्धतीचा हेतूच विफल होतो.

रोलर विकत घेणे सोपे. तथापि उभ्या दात्यांचा रोलर कार्यशाळेतही बनवता येतो. सिल्व्हर स्टीलची १९.१ मिमी व्यासाची चकती घ्यावी. लेथचे ६० दात्यांचे बदली गिअर स्पिंडलवर विभाजक म्हणून वापरावे आणि ९० अंशांच्या टूलने, स्पिंडल स्थिर ठेवून व कॅरेज हाताने ओढून, जवळजवळ ०.५ मिमी खोल साठ खाचा पाडाव्यात. यातून १ मिमी पिच मिळते. त्यानंतर सुमारे ७८० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवावे व फिकट पिवळा रंग येईपर्यंत पाणी उतरवावे.

६. वापरातील दक्षता

रोलरची केंद्रे कामाच्या केंद्राच्या अगदी वर व खाली आणावीत. आरंभी रोलरची निम्मी रुंदीच कामाच्या टोकावर ठेवावी व पहिल्या काही फेऱ्यांतच पुरेसा दाब द्यावा. हलक्या दाबाने दुहेरी खुणा उमटण्याची शक्यता वाढते. वेग टर्निंगच्या वेगापेक्षा बराच कमी असावा. तेल भरपूर वापरावे, सुटणारे बारीक कण धुवून काढावेत व फिरत्या कामाजवळ चिंधी नेऊ नये. तयार नक्षीवरून रोलर पुनःपुन्हा फिरवल्यास पृष्ठभागाचे पापुद्रे निघू लागतात.

७. निष्कर्ष

नर्लिंग हे दाबकाम आहे, हे ध्यानी घेतले की साधनाची निवड किमतीपेक्षा जोराच्या मार्गावरून करावी लागते. लहान लेथवर क्लॅम्प टूल यंत्राचे रक्षण करते व चांगली नक्षीही देते. ते बनवताना तरफेचे तत्त्व, परिघाचे गणित, दात्यांचे विभाजन आणि पोलादाचे उष्णोपचार ही चारही अंगे एका छोट्या वस्तूत एकत्र येतात. म्हणून महाविद्यालयीन कार्यशाळेसाठी लहान लेथ घेताना त्यासोबत एकतर्फी टूल खरेदी करण्याऐवजी क्लॅम्प टूल विद्यार्थ्यांकडून बनवून घेणे अधिक उपयुक्त ठरेल.