असं का होतं? : जुन्या फोटोतला रवा

तेल्हाऱ्यात कुणाच्याही घरी भिंतीवरचा आजोबांचा कृष्णधवल फोटो जवळून पाहा. गाल रवाळ दिसतात. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असत. प्रकाश लागलेल्या स्फटिकांची धुलाईच्या रसायनात काळी चांदी होई. रांगोळीसारखंच हे. दाणे चित्रावर पडत नाहीत, दाण्यांचंच चित्र होतं. आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता: ४०० आयएसओच्या फिल्मचा रवा जाड, १०० चा बारीक.

मोबाइलच्या फोटोत पिक्सेल फरशीसारखे ओळीत बसतात. जुना रवा आणायला त्यावर सरसकट सारखे ठिपके शिंपडले, की फोटोवर नुसती धूळ बसते. चांगलं सॉफ्टवेअर आधी छटा पाहतं: करड्या भागात दाणा ठळक, गर्द काळ्यात आणि लख्ख पांढऱ्यात पुसट. दाण्याच्या कडाही ते किंचित मऊ करतं. तुम्ही रवा चढवाल तेव्हा आधी गाल तपासा, मग आभाळ.