जंगलवेड्या दोस्ताला चाकू देताना

रानात भटकणाऱ्या दोस्तासाठी घडीचा चाकू घ्यायला इतवारीत आलेले गिऱ्हाईक आधी मूठ आणि चकाकी पाहते. आम्ही म्हणतो, आधी सांधा पाहा. पाते उघडून आडवे हलवा. खिळीत ढिले लागले तर परत ठेवा. उघडे पाते धरून ठेवणारा खटका नसेल तर जोर देताना ते बोटांवर मिटते. ३ इंचांचे पाते पुरे. दोर, फळे आणि काटक्या, याहून जास्त काम नसते. पावसात फिरणाऱ्याला स्टेनलेस द्यावे. साध्या पोलादाला धार लवकर लागते, पण तेलाचा हात चुकला की गंज चढतो. बटण दाबताच उघडणारा रामपुरी मात्र नको. तो शौक पोलिसांना शौक वाटत नाही.

एक गोष्ट दुकानदार बांधवांनी माल बांधताना आवर्जून सांगावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील 'शस्त्र' या शब्दात चाकूही येतो. लेखी परवानगीशिवाय तो घेऊन पेंच किंवा ताडोबाच्या जंगलात शिरणे गुन्हा आहे. खिशात विसरलेली भेट दोस्ताला फाटकावरच अडकवील. शेतावरच्या किंवा तलावाकाठच्या मुक्कामाला ती खुशाल न्यावी.