बिगर हंगामातला विद्यार्थी : त्याला काम काय द्यावे, कसे द्यावे?



गळीत हंगाम संपला की गव्हाणीचा आवाज थांबतो, काट्यावरची ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग उठते आणि बाहेरच्या माणसाला वाटते की आता दिवाळीपर्यंत कारखान्यात काही कामच नाही. तसे नसते, हे आपण जाणतोच. मिल उघडायची असते, रोलर उतरवायचे असतात, बॉयलरच्या नळ्या साफ करायच्या असतात. शेतकी विभागाला तर पुढच्या हंगामाच्या ऊसनोंदीचे वेध लागलेले असतात. तरी पण एक गोष्ट खरी, की या दिवसांत घड्याळ जरा सैल चालते. आणि नेमक्या याच दिवसांत कॉलेजची पोरे कारखान्याच्या दारात येतात.

जळगाव-धुळ्याच्या तंत्रनिकेतनांतली मुले उन्हाळ्यात औद्योगिक प्रशिक्षणासाठी कारखाने शोधत असतात. पावसाळ्यात कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी खेड्यावर राहायला येतात. त्यांना आपण 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणून ओळखतो. ऊस उत्पादक सभासदांच्याच पुढाकाराने १९७५ साली उभ्या राहिलेल्या, मांजरीच्या आजच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्यांनाही प्रत्यक्ष कारखाना पाहावाच लागतो. यांतले कितीतरी आपल्याच सभासदांचे मुलगे-मुली, पुतणे-भाचे आहेत.

अशा विद्यार्थ्याचे बऱ्याच ठिकाणी काय होते? पहिल्या दिवशी कारखाना दाखवतात. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात खुर्ची मिळते. तिसऱ्या दिवसापासून ही फाईल तिकडे ने, एवढ्या झेरॉक्स काढून आण, चहा सांगून ये. सहा आठवडे भरले की सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र हातात आणि पोरगा घरी. साहेबांना वाटते, 'हल्लीच्या पोरांना कामाची गोडी नाही.' पोराला वाटते, 'कारखान्यात शिकण्यासारखे काही नाही.' दोघांचेही नुकसान, आणि खर्च मात्र तुमच्या-आमच्या संस्थेचा.

उपाय अवघड नाही. विद्यार्थ्याला दहा किरकोळ कामे देण्यापेक्षा एकच काम द्यावे, पण ते पुरे द्यावे. त्याला सुरुवात असावी, शेवट असावा, आणि त्याचे जे फळ निघेल ते पुढच्या हंगामात कारखान्याला किंवा सभासदाला खरोखर उपयोगी पडावे.

माती परीक्षणाचे काम

आडसाली लागण साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान होते. मे-जूनमध्ये ते रान रिकामे असते. मातीचा नमुना घ्यायचा तो याच वेळी, म्हणजे अहवाल लागणीच्या आधी हातात पडतो आणि खताची मात्रा त्याप्रमाणे ठरवता येते. शेतकी विभागाच्या माणसाला गटातल्या प्रत्येक रानात जायला सवड होत नाही. विद्यार्थ्याला एका गटाची यादी द्या आणि सांगा : एवढे नमुने, अमुक तारखेपर्यंत.

पण नुसते 'माती घेऊन ये' म्हणणे म्हणजे काम देणे नव्हे. एका रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डा घ्यायचा. उसाला फूटभर खोलीपर्यंतची माती लागते. बांधाजवळची, विहिरीजवळची, झाडाखालची, उकिरड्याची किंवा नुकते खत टाकलेली जागा टाळायची. सगळी माती एकत्र कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, असे करत अर्धा किलो उरवायची. पिशवीत चिठ्ठी हवीच : सभासदाचे नाव, गट नंबर, तारीख, मागचे पीक, पुढचे पीक. पहिल्या दोन रानांत ओव्हरसिअरने बरोबर जावे. तिसऱ्या रानात पोराने करावे आणि ओव्हरसिअरने पाहावे. चौथ्यापासून त्याला एकट्याला सोडावे.

काम देताना आपल्या उन्हाचेही भान ठेवावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रानातले काम सकाळी सहा ते दहा, आणि दुपारी गटऑफिसात बसून चिठ्ठ्या व रजिस्टर. या वेळापत्रकात शिस्तही आहे आणि पोराच्या जिवाची काळजीही.

नोंदीची पडताळणी

दुसरे काम ऊसनोंदीच्या क्षेत्राचे. नोंदीत लिहिलेले क्षेत्र आणि रानात उभा असलेला ऊस यांत फरक पडतो. कधी नजरचुकीने, कधी 'लिहा हो थोडे जास्त' म्हणून. एका रानात पाच गुंठ्यांचा फरक म्हणजे काही नाही, असे वाटते. आता हिशेब करू. समजा १,००० रानांत प्रत्येकी ५ गुंठे जास्त लिहिले गेले. ते झाले ५,००० गुंठे, म्हणजे १२५ एकर. एकरी ४० टन धरले तर ५,००० टन ऊस कागदावर आहे आणि रानात नाही. रोज २,५०० टन गाळणाऱ्या कारखान्याचे हे पुरते दोन दिवसांचे गाळप. तोडणीचा कार्यक्रम, टोळ्यांची संख्या, वाहतुकीचे करार हे सगळे त्या कागदावर ठरलेले असते. मग तारीख चुकली की चिटबॉयला शिव्या खाव्या लागतात.

हल्ली मोबाईलवर रानाच्या कडेने फिरून क्षेत्र काढता येते आणि पोरांना ते आपल्यापेक्षा लवकर जमते. एका गावाची पडताळणी हे एका विद्यार्थ्याला पुरेसे काम आहे. मात्र फरक सापडला तर त्याने तो फक्त लिहून आणावा. नोंद बदलण्याचा अधिकार शेतकी अधिकाऱ्यांचाच. हे पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगावे, म्हणजे बांधावर वाद होत नाहीत.

जुन्या माणसांचे ज्ञान

तिसरे काम मिल विभागातले. तीस-तीस वर्षे काम केलेल्या फिटरला ठाऊक असते की कोणता पंप कधी तक्रार करतो आणि कोणते बेअरिंग आधी तापते. हे कुठल्याही पुस्तकात नाही. तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर घरी जाते. ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत यंत्रे उघडी असतात, फिटर हजर असतो. विद्यार्थ्याने त्याच्याबरोबर फिरावे, विचारावे, लिहावे, आकृती काढावी. शेवटी प्रत्येक यंत्राची एक वही तयार व्हावी.

असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणून १९५१ साली त्या गेल्यानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. टिपणारा नसता तर आपण काय गमावले असते! यंत्राचे शहाणपणही तसेच टिपून घ्यावे लागते. शिरपूर, पांझरा-कान यांसारख्या कारखान्यांची धुराडी आपल्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे थंड राहिली. कारखाना बंद पडला की लोखंडाची किंमत होते, पण माणसांच्या डोक्यातल्या जाणकारीचा लिलाव कोणी करत नाही; ती तशीच विरून जाते.

काय देऊ नये

मळीच्या टाकीत किंवा बॉयलरच्या ड्रममध्ये विद्यार्थ्याला उतरवू नये. बंद टाकीत हवा दगा देते. उंचावरचे काम, विजेचे काम एकट्याला देऊ नये. रोख पैसे, गोदामाच्या किल्ल्या आणि कोणाच्या तरी नावाची सही या तिन्ही गोष्टी त्याच्या हाती नकोत.

आणखी एक. हंगामी कामगार बिगर हंगामात रिटेन्शन अलाउन्सवर घरी असतो, बोलावण्याची वाट पाहत असतो. त्याच्या वाट्याचे काम विद्यार्थ्याकडून फुकटात काढून घेणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदासुद्धा शिकाऊ उमेदवाराला कामगार धरत नाही, प्रशिक्षणार्थी धरतो. मग उन्हाळ्यापुरत्या आलेल्या विद्यार्थ्याला तरी कामगाराच्या जागी उभे करून कसे चालेल? तो शिकायला आला आहे, कोणाची भाकरी घ्यायला नाही.

काम देणाऱ्यानेही आपला वाटा उचलावा. विद्यार्थ्याला एकच वरिष्ठ असावा. चार साहेब असले की तो कोणाचाच नसतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून त्याचे रजिस्टर पाहावे. चूक निघाली तर आपण दुरुस्त करून मोकळे होऊ नये, त्यालाच परत त्या बांधावर पाठवावे. आपण केले तर काम लवकर होईल हे खरे, पण पुढच्या वर्षीही ते आपल्यालाच करावे लागेल.

सभासदांचा वाटा

आता तुमच्याकडे एक मागणे. उन्हाळ्यात बांधावर अनोळखी पोर वही घेऊन दिसले की आपण विचारतो, "कोना पोऱ्या शे रे तू?" जरूर विचारा. गटऑफिसची चिठ्ठी आहे का तेही पाहा. पण मग त्याला माठातले पाणी द्या, खरा गट नंबर सांगा, मागच्या वर्षी किती खत टाकले ते न लपवता सांगा. चुकीच्या माहितीवर आलेला अहवाल शेवटी तुमच्याच उसाला लागू व्हायचा आहे.

आणि काम संपल्यावर त्या विद्यार्थ्याने काय शोधले ते गटाच्या बैठकीत त्याच्याच तोंडून ऐका. आपली शिकली-सवरलेली मुले पुण्या-नाशिकला जातात आणि परत येत नाहीत, ही प्रत्येक घरातली खंत आहे. सगळीच थांबतील असे नाही. पण 'या कारखान्यात माझ्या हातून एक काम पुरे झाले' एवढे जरी एखादा घेऊन गेला, तरी संस्था त्याला परकी राहणार नाही. पुढच्या उन्हाळ्याची यादी आतापासूनच करायला घेऊ या.