खाऊचे डबे भरताना

घरात खाऊ भरपूर असतो, पण बहुतेक सगळा एकाच जातीचा, तळलेला आणि खारट. म्हणून मी एक तिखट, एक गोड आणि एक आयत्या वेळचा असा हिशोब ठेवते.

तिखटात पातळ पोह्यांचा चिवडा पहिला. पोहे कडक उन्हात ठेवा किंवा मंद आचेवर कोरडेच भाजा. बोटांत चुरगळून भुगा झाला की झाले. कढीपत्ता फोडणीत पूर्ण कुरकुरीत होऊ द्या. त्यात पाणी राहिलं तर अख्खा डबा सादळतो. पिठीसाखर चिवडा कोमट झाल्यावर घाला आणि झाकण पार गार झाल्यावरच लावा. (घाई इथेच होते!)

गोडात दाण्याचे लाडू. पाक नाही, तळण नाही. भाजलेले दाणे आणि गूळ मिक्सरमधून फिरवला की दाण्याच्याच तेलावर वळले जातात.

आयत्या वेळी चुरमुऱ्यांना कच्चं तेल, मेतकूट, तिखट, मीठ लावा. कांदा अगदी शेवटी. सांगली-जयसिंगपूरकडचं भडंग हाताशी असेल तर प्रश्नच मिटला.

पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे शेंगदाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांच्या वाटीतले दाणे वेचून काढा.